लेक सीमेपलीकडे, बाप शहापुरात

वाचकाचं पत्र (थोडं आवरून):

"मी बेळगावातल्या शहापूरचा, वय ३६. उद्यमबागला फौंड्रीत कामाला आहे. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. बायको गेल्या वर्षी खडेबाजारात कापडाच्या दुकानात कामाला लागली. मला आणि आईला ते पटलं नव्हतं. एके दिवशी पोरीला ताप होता. मी पहिल्या पाळीहून येऊन चार वाजल्यापासून घरी होतो, ही साडेआठला आली. त्यावरून भांडण झालं आणि पोरीसमोर माझा हात उठला. एकदाच. दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन माहेरी गेली, महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात कोवाडकडे. सहा महिने झाले. गल्लीतल्या पंचांनी बैठक घेतली, उपयोग झाला नाही. मेहुणा फोन उचलत नाही. आता एका मित्रानं मला बापांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ग्रुपमध्ये घेतलंय. ते म्हणतात, सगळे कायदे बायकांच्या बाजूचे, स्त्रीमुक्तीवाल्यांनी घरं मोडली, तू पैसे पाठवायचं बंद कर आणि पोरगी शाळेतून सुटली की सरळ उचलून आण. गेल्या महिन्यापासून मी पैसे थांबवलेत. पण रात्री झोप नाही. लेक मला विसरूलालीय असं वाटतंय. बापाला काहीच हक्क नाही काय? केस बेळगावात घालू की कोल्हापूरला?"
— एक बाप, शहापूर

दादा,

लेक विसरेल ही भीती आधी मनातून काढा. सात वर्षांचं मूल सहा महिन्यांत बापाला विसरत नाही. दुसरं काहीतरी होत असतं आणि ते जास्त वाईट. मोठी माणसं काही सांगत नाहीत तेव्हा मूल आपल्या परीनं कारण शोधतं. ताप तिला होता. भांडण तिच्या तापावरून झालं, तिच्या डोळ्यांदेखत झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाप दिसलाच नाही. मी आजारी पडले म्हणून हे झालं, असं त्या वयाचं पोर सहज धरून बसतं आणि कुणाला बोलून दाखवत नाही. तुमच्या हक्काचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी तिनं तुमचा आवाज ऐकायला हवा. तुझी काही चूक नव्हती, हे तुमच्याच तोंडून तिला कळायला हवं.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मी स्त्रीवादी आहे आणि हे स्त्रीवादी म्हणूनच सांगते आहे. मूल ही आईची मालमत्ता नाही. तुमच्या पत्रावरून जेवढं कळतं त्यावरून, लेकीला तुमच्याशी फोनवरसुद्धा बोलू न देणं मला चुकीचं वाटतं. तुमच्या बायकोला तुमची भीती वाटत असेल तर तिनं सावध राहणं बरोबर आहे. तिची बाजू मी ऐकलेली नाही. पण चारचौघांत भेट आणि ठरल्या वेळी फोन, एवढं देता येण्यासारखं आहे. मेहुण्याच्या रागासाठी पोरीचा बाप तोडला जाऊ नये.

आता त्या संध्याकाळचं बोलू.

तुम्ही चार वाजता घरी आलात. ताप तेव्हाही होता. चार ते साडेआठ म्हणजे साडेचार तास घरात तुम्ही होतात, तुमच्या आई होत्या. शहापुरात दवाखाना काय लांब आहे? पोरीला गाडीवर बसवून नेलं असतं, कपाळावर ओली पट्टी ठेवली असती, कोणतं औषध द्यायचं ते बायकोला फोन करून विचारलं असतं. तुम्ही यातलं काय केलंत, ते पत्रात नाही. पत्रात एवढंच आहे की ही साडेआठला आली. मला वाटतं तुम्ही वाट बघत होतात. पोरीचा ताप हे तिच्या आईचं काम, आणि आई दुकानात, म्हणून राग साचत गेला. आणि ती दारात आल्यावर तुम्ही तिला मारलंत.

एकदाच मारलं तरी तो कौटुंबिक हिंसाचारच. २००५ चा कायदाही तसंच मानतो. पण कायद्याच्या आधी तुमच्या बायकोचा विचार करा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यापुढे काय होतं? इथं राहिले तर पुन्हा मार बसेल का, नोकरी सोडावी लागेल का, आणि पोरगी हे बघत मोठी होईल का. मी तुमच्या बैठकीला नव्हते, पण गल्लीतल्या बैठका कशा होतात ते शहापूर-वडगावात सगळ्यांना ठाऊक आहे. पंच, तुमचे काका, तिचा भाऊ, सगळे बापे. चहा फिरतो. भांड्याला भांडं लागतंच, असं कुणीतरी म्हणतं. तिला आतून बोलावतात आणि एकच प्रश्न विचारतात, कधी येतीस? पुन्हा मारणार नाही, नोकरीवरून बोलणार नाही, याची हमी तुमच्याकडून कुणी घेतली का? घेतली नसेल तर ती कशाच्या भरवशावर यायची?

ग्रुपवाल्यांनी तुम्हाला सांगितलंय की सगळे कायदे बायकांच्या बाजूचे. हे खरं नाही. हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) आणि पालकत्व कायदा १९५६ चा. त्याच्या कलम ६ मध्ये लिहिलंय की मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. आजही शब्द तेच आहेत. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली, नवऱ्याचीही त्याला संमती होती. तरी बँकेनं बापाची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला की 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, बाप हजर नसेल किंवा मुलाकडे बघत नसेल तर तो जिवंत असतानाही आई पालक होऊ शकते. आईला एवढं मिळवायला दिल्लीपर्यंत जावं लागलं. कागदावर पहिला मान अजून तुमचाच आहे.

मग कोर्टात मूल आईकडे का जातं? पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं, असं त्याच कलमात आहे. तुमची मुलगी सातची, म्हणजे ते आता लागू नाही. पुढे कलम १३ येतं, आणि त्यात मुलाचं हित सगळ्यात वर आहे, बापाच्या हक्काच्याही आणि आईच्याही. न्यायाधीश हे हित कसं ठरवतात? मुलाला रोज कोण बघतं, शाळेचं कोण बघतं, मूल कुणाजवळ निर्धास्त असतं. मूल समजतं असेल तर त्याला चेंबरमध्ये बोलावून त्याच्याशीही बोलतात. आपल्याकडे या प्रश्नांची उत्तरं बहुतेक घरांत आईच्या बाजूनं येतात, कारण ते सगळं तिच्याच अंगावर टाकलेलं असतं. सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तेव्हा घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि जे पुरुष घरकाम करत होते ते ९७ मिनिटं. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६, बायका ८१.

पोर बघणं हे बाईचंच काम, हे स्त्रीवाद्यांनी कधी सांगितलं? ते तुमच्या-माझ्या आज्यांच्या आधीपासून चालत आलंय. त्या समजुतीनं बायका घरात अडकल्या, आणि त्याच समजुतीनं कोर्टात बापाच्या पदरी दुसऱ्या-चौथ्या शनिवारचे दोन तास पडतात. स्त्रीवादी चळवळ या समजुतीशी भांडत आली आहे. तुम्हाला लेकीच्या आयुष्यात बरोबरीची जागा हवी असेल तर ते तुमचंच भांडण आहे, दादा. तुम्हाला चुकीच्या माणसांवर चिडायला शिकवलं जातंय.

ग्रुपमध्ये जमलेल्या सगळ्या बापांचं दुःख खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. तारखांवर तारखा पडतात, भेटीचा हुकूम असून भेट होत नाही, तोवर मूल तीन इयत्ता पुढे जातं. हे अन्यायाचंच आहे. हुंड्याच्या कायद्याखाली सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानंच २०१४ मध्ये पोलिसांना बजावलं, म्हणजे त्या तक्रारीतही तथ्य होतं. पण या ग्रुपनं तुम्हाला बाप म्हणून काय शिकवलं? लेकीचे पैसे बंद कर, लेकीला शाळेच्या दारातून ओढून आण. दोन्हीचा मार लेकीला बसतो. फौंड्रीत पाळ्या बदलत राहतात, मुलाच्या आजारपणाला रजा मिळत नाही, यावर तिथं कुणी बोलतं का? केंद्र सरकारच्या नोकरदार बापाला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी कारखान्यातल्या बापाला कायद्यानं एक दिवसही नाही. २०१७ मध्ये पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सक्ती आली, पण ती मातृत्वाच्या कायद्यात, आणि दिवसातून चार वेळा तिथं जाऊन मूल बघायची मुभा कामगार बाईला. बापाचा तिथं विचारच नव्हता. बापांच्या हक्कांसाठी उद्यमबागेत या मागण्यांचा मोर्चा निघाला तर मी पहिल्या रांगेत चालेन.

जाता जाता, सरकार बायकांना महिन्याला दोन हजार देतं म्हणून अशा ग्रुपांवर चेष्टा चालते, त्याबद्दलही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे ते पैसे रेशनकार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख असते तिच्या खात्यात जातात. तुमच्या घरी ती बहुधा तुमची आई. तुमच्या बायकोच्या हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा होता तो फक्त दुकानातल्या पगाराचा. तुम्ही दोघं मायलेक नेमके त्याच नोकरीच्या विरोधात उभे राहिलात.

आता काय करायचं ते.

थांबवलेले पैसे आजच पाठवा, मागच्या महिन्याचे धरून, आणि बायकोच्या खात्यावर पाठवा, मेहुण्याच्या हातात देऊ नका. लेकीच्या पोटगीचा आणि भेटीचा एकमेकांशी संबंध नाही. भेट मिळत नाही म्हणून पैसे देत नाही, असं कोणतंही कोर्ट ऐकून घेणार नाही. पगार कमी दाखवायचा सल्लाही ग्रुपवर मिळेल. पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, असं २०२० पासून सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलंय. तिथं खोटं लिहिलंत तर पुढे तुमच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहणार नाही.

मग बायकोला पत्र लिहा. मेसेज नको, कागदावर लिहा. त्यात तीनच गोष्टी: मी तुला मारलं, ते चुकलं. पोरीच्या तापाच्या वेळी मी घरात असून काही केलं नाही, तेही चुकलं. तू नोकरी करावीस की नाही हे ठरवणारा मी नाही. 'पण' लिहू नका. 'तूही' लिहू नका. परत ये, असंही या पत्रात लिहू नका. ती येईल की नाही हे तिनं ठरवायचं आहे, आणि ती आली नाही तरी तुम्ही लेकीचे बाप राहताच. शेवटी एवढंच विचारा की आठवड्यातून दोनदा, तुला सोयीच्या वेळी, लेकीशी फोनवर बोलू का.

फोन सुरू झाला की लेकीला आईबद्दल, मामाबद्दल काही विचारू नका. आई काय म्हणूलाली, असं एकदा जरी विचारलंत तरी पोर दोघांच्या मधे सापडतं. शाळेचं विचारा, मैत्रिणींचं विचारा. पहिल्या फोनलाच सांगा, त्या दिवशी बाबा चुकला, तुझी काहीच चूक नव्हती.

भेटायला तुम्ही जा. तिला शहापूरला बोलवू नका. कोवाड काही विलायत नव्हे, रविवारी सकाळी निघून तिथल्या शाळेच्या मैदानात, देवळात, जिथं ती म्हणेल तिथं तासभर भेटा आणि कबूल केलेल्या वेळेला परत निघा. एकट्यानं जा. आई, काका, ग्रुपमधला मित्र, कुणी बरोबर नको. शाळेतून उचलून आणायचा विचार डोक्यातून काढूनच टाका. लेक घाबरेल, पोलीस येतील, आणि पुढच्या प्रत्येक तारखेला ती एक दुपार तुमच्याविरुद्ध वाचली जाईल.

आणि घरी तयारी करा. लेक उद्या सुट्टीत चार दिवस राहायला आली तर तिचं कोण बघणार? आजी, असं मनात आलं असेल तर पुन्हा तिथंच आलो. वेणी घालायला शिका. डबा करायला शिका. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळ तुमची, दुसरी असेल तेव्हा सकाळ तुमची, असं स्वतःशी ठरवा. तिच्या लसीकरणाचं कार्ड कुठं आहे, कोणत्या औषधानं तिला पुरळ उठतं, तिच्या बाईंचं नाव काय, हे तुम्हाला माहीत हवं. आईला एकदा नीट सांगा की सुनेच्या नोकरीवर घरात पुन्हा चर्चा नको. हे सांगायचं काम तुमचं आहे, बायकोचं नाही.

एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत फोन नाही, भेट नाही, असं झालं तर जरूर कोर्टात जा. त्यात लाज नाही. तुमच्या बाजूनं बोलणारे निकाल आहेत. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये एका मुलाला वर्षातले सहा महिने बापाकडे आणि सहा महिने आईकडे ठेवलं होतं. विधी आयोगानं २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद करा अशी शिफारस केली, मात्र सरसकट नाही, मुलाच्या हिताचं असेल तिथं. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आईबाप वेगळे झाले तरी मुलाला दोघांची माया मिळायला हवी, प्रत्यक्ष भेट जमत नसेल तिथं फोन आणि व्हिडिओ कॉल तरी. तुम्ही मागाल ते भेटीचं वेळापत्रक मागा: फोनचे वार, रविवार, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी. पूर्ण ताबा मागून सुरुवात केलीत तर समोरचा पक्ष दार लावून घेईल.

आता तुमचा नेमका प्रश्न, बेळगाव की कोल्हापूर. पालकत्वाच्या १८९० च्या कायद्याखाली अर्ज करायचा तर मूल जिथं नेहमी राहतं तिथल्या कोर्टात करावा लागतो. सहा महिन्यांपूर्वी ते शहापूर होतं. आता लेक तिकडच्या शाळेत जात असेल तर समोरचा वकील कोल्हापूर जिल्हाच म्हणणार, आणि त्याच मुद्द्यावर वर्ष जाऊ शकतं. तुमचा संसार बेळगावात झाला म्हणून नांदायला येण्याचा दावा इथं घालता येतो आणि त्यात लेकीच्या भेटीचा अंतरिम अर्जही करता येतो. पण तसं केलंत की ती तिकडे कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज करू शकते, कारण ती तात्पुरती राहते तिथंही तो चालतो. मग तासाभराच्या अंतरावरच्या दोन गावांत दोन राज्यांच्या दोन केसेस. एका राज्यातली केस दुसऱ्या राज्यात न्यायची तर कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठ ते करू शकत नाही, मुंबईचं उच्च न्यायालयही नाही, सर्वोच्च न्यायालयातच अर्ज करावा लागतो, आणि तिथं बहुतेकदा बायकोची सोय बघितली जाते. सीमाभागातल्या किती जोडप्यांची उमर यात जाते. म्हणून माझं मत विचाराल तर जायची वेळ आलीच तर तुम्हीच कोल्हापूर जिल्ह्यात जा, लेक आहे तिथं. आधी मध्यस्थी मागा. एसटीचं भाडं तुम्हाला परवडेल, दिल्ली परवडणार नाही.

वकील करण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बेळगावलाही आहे आणि कोल्हापूरलाही. १५१०० या नंबरवर फोन लावला तरी माहिती मिळते. तुमच्या बायकोला तिथं मिळकत न बघता मोफत वकील मिळतो, तुम्हाला मिळकतीच्या मर्यादेत बसलात तर. कोर्टाचा कागद कन्नडमध्ये आला तर वाचता येत नाही म्हणून कपाटात ठेवू नका, त्याच दिवशी जाणत्याकडून वाचून घ्या. तारीख चुकली की एकतर्फी हुकूम होतो.

हे उत्तर तुमच्या बायकोला दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा. तिला स्वतःचं काही लिहायचं असेल तर तेही इथं घेऊ, तुमच्या पत्राएवढ्याच जागेत आणि तुमच्यासारखंच नाव न देता.